प्रस्तावना मंजूर

"माझ्या लेकाचं आहे," म्हातारीने पिशवीतून पुस्तक काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. "म्हणजे त्यानेच लिहिलंय. त्याला अजून बघायलासुद्धा मिळालेलं नाही."

खिडकीच्या आत बसणाऱ्याला तुरुंगात सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शिकवलं कुणालाच नव्हतं. बाहेरून आलेलं प्रत्येक पुस्तक कैद्याच्या हाती पडण्याआधी अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि कैद्यांची बाहेर जाणारी पत्रं तपासायची, एवढंच त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्याइतकं वाचन एखाद्या प्राध्यापकाचंही झालं नसेल, आणि त्यांच्याइतकी पुस्तकं कुणी परतही पाठवली नसतील.

हे पुस्तक मात्र त्यांना जवळजवळ पाठ होतं. दोन वर्षं तिचा पोरगा तुरुंगातून दर आठवड्याला आईला पत्र लिहायचा. पत्रासोबत हकिगतीची दोन पानं, आणि त्यातल्या प्रत्येक पानावर 'तपासले' हा शिक्का मास्तरांनीच मारलेला. पुढचं पान कधी येतंय याची ते चक्क वाट बघत. नवव्या प्रकरणात बराकीत तापाने फणफणून मेलेल्या एका कैद्याची गोष्ट होती. डॉक्टर यावा म्हणून सगळ्यांनी तीन दिवस ताटल्या बडवल्या; काळं कुत्रंही फिरकलं नाही. ते वाचून मास्तर रडले होते. मग डोळे पुसून त्यांनी शिक्का मारला होता.

आता त्यांनी आधी शेवटचं पान उघडून पाहिलं, मग फोन उचलला. तुरुंगाच्या कारभारावर टीका असलेलं पुस्तक आत सोडायचं नाही, असा नियम होता. पण या पुस्तकाला प्रस्तावनाच तुरुंगाच्या मोठ्या साहेबांची होती. परवा भर सभागृहात त्यांच्याच हस्ते प्रकाशन झालं. कालच्या पेपरात फोटोही होता: पुस्तक उंच धरलेले साहेब, आणि खाली त्यांचं वाक्य, 'विचारांना कुलूप घालणारा समाज संपतो.'

"आत देऊ नका," साहेब म्हणाले. "नवव्या प्रकरणात आपली बराक आहे."

"पण साहेब, प्रस्तावना तर तुम्हीच..."

"तेव्हा वाचायला वेळ कुठे होता? काल वाचलं. अहो, बाहेरची माणसं वाचतील, हळहळतील आणि जेवायला बसतील. आत वाचलं तर उद्या ताटल्या वाजतील. आणि मास्तर, ती पानं बाहेर गेली कुणाच्या शिक्क्याने, हे मी अजून विचारलेलं नाही."

मास्तरांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. "मग पुस्तक परत पाठवतो," ते कसेबसे म्हणाले.

"परत नको. लेखकालाच पुस्तक दिलं नाही म्हणून पेपरवाले बोंब मारतील. नियमात बसतंय तेवढं द्या."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पुढचं 'कोरडे पाषाण' स्वतःलाही लागू पडतंय हे ध्यानात आलं आणि ते त्यांनी तिथेच गिळलं. पट्टी लावून त्यांनी पुस्तकातली चार पानं सरळ रेषेत फाडली. उरलेलं पुस्तक खिडकीतून बाहेर सरकवलं.

"मावशी, एवढंच आत जाईल. बाकीचं घरी न्या."

म्हातारीने ती चार पानं मागून घेतली आणि चष्मा सावरून वाचली. "यातली एक ओळ तरी त्याची आहे का हो?" ती म्हणाली. "परवा प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं साहेबांनी."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. पानं परत घेऊन ते उठले. वस्तू कैद्याच्या हातात देऊन सही घ्यायची पद्धत होती, आणि आज ती त्यांना जिवावर आली.

पोराने दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि पानं घेतली. उभ्याउभ्याच त्याने चारही पानं वाचून काढली, सावकाश, एकही ओळ न गाळता. जाळीपलीकडचा पहारेकरी जांभया देत होता.

"छान लिहिलंय साहेबांनी," तो म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "मास्तर, बाकीचं तुम्ही बघितलंत ना? शेवट बदलू म्हणत होते प्रकाशक. माझाच ठेवलाय का?"

शेवट त्याचाच होता, शब्दन् शब्द. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण नाकारलेल्या पुस्तकातलं अक्षरही कैद्याला सांगायचं नाही, हाही नियमच होता, आणि पहारेकऱ्याची जांभई संपली होती.

मास्तरांनी रजिस्टर पुढे केलं.

"इथे सही कर," ते म्हणाले. "'पुस्तक मिळाले' लिहिलंय ना, त्याच्या खाली."