सगुणाचं गाऱ्हाणं

"देवीपुढे नारळ मीच ठेवणार," सगुणा म्हणाली. "माझ्या पोराच्या अब्रूवर आलंय."

काशीरामने मान हलवली. नवऱ्याची मान एवढी खाली गेलेली तिने कधी पाहिली नव्हती. पंच्याऐंशीच्या विधानसभेला तो उभा होता आणि परवापरवापर्यंत निवडून आल्यातच जमा होता. मग राजापूरच्या बाजारात कंडी पिकली, की काशीरामचा मुंबईतला लवू ज्या सदूबरोबर खोलीत राहतो, त्याच्याशी त्याने संसारच मांडलाय. शिमग्याला अवकाश होता, पण बोंब आधीच सुरू झाली. समोरच्या पक्षाचा वक्ता भर सभेत म्हणाला, "ह्यांच्या घरात सून नाय यायची, जावईच यायचा!" लोक पोट धरधरून हसले.

लवूचं लग्न गंगारामच्या राहीशी ठरलं होतं. गंगारामच्या शब्दावर चार गावं मत टाकायची, सोयरिकीचं खरं कारण तेच. कंडी पिकली तसं गंगारामने साखरपुड्याचं लुगडं परत पाठवलं. मतांचं सगुणाला सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव तुटत होता तो लवूसाठी.

तिला काहीच ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणावं? गेल्या मे महिन्यात सदू घरी आला होता. तो घाटावरचा, त्याला माशाचे काटे काढता येईनात. लवू आपलं जेवण बाजूला ठेवून त्याच्या ताटातले काटे वेचत बसला. सगुणाने ते पाहिलं आणि उगाचच चुलीपाशी गेली. आईच्या नजरेतून काही सुटत नाही. पण बोलून दाखवलं की ते खरं होऊन बसतं, म्हणून ती गप्प राहिली.

प्रचारात लोकांना दिसावा म्हणून काशीरामने तार करून लवूला बोलावून घेतलं होतं. तो आला तोच उतरलेल्या चेहऱ्याने.

"आये, गाऱ्हाणं नको गो घालूस."

"का रे? मुंबईला जाऊन देवावरचा विश्वास उडाला?"

"नाय उडाला. म्हणून तर सांगतोय."

भावकीसमोर उभं राहायला पोरगा लाजतोय, असं तिला वाटलं.

देवळात सारा गाव जमला. गुरवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं कोणावर घालायचं ते विचारलं.

"नाव मला ठावं नाय," सगुणा म्हणाली. "पण माझ्या लवूची ही गोष्ट ज्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडली, त्याला जन्मात परत आईच्या हातचा घास मिळू नये. माझं काळीज जळतंय, तसं त्याच्या आईचंही जळू दे."

गुरव क्षणभर घुटमळला. कुणाचं वाईट मागणारं उलटं गाऱ्हाणं घालायला तोही बिचकत असे. पण उमेदवाराच्या घरचा नारळ, नाही कसं म्हणणार? त्याने तिचे शब्द देवीपुढे जसेच्या तसे म्हटले.

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली. त्यात लवूचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पोरगा शेवटी आपल्या बाजूने उभा राहिला, म्हणून सगुणाला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी घावन केले. "गाडी चुकेल," म्हणत तो पाया पडला आणि न खाताच एसटीला गेला.

काशीराम निवडणुकीत पडला. अंगणातल्या प्रचाराच्या मांडवाचे बांबू ज्याचे त्याने नेले. मे महिन्यात वाडीतले सगळे चाकरमानी आले, लवू आला नाही. कामावर सुट्टी मिळाली नसेल, असं सगुणा विचारणाऱ्याला सांगायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

अशाच एका दुपारी राही एकटीच दारात येऊन उभी राहिली. आली तीच रडत.

"काकी, पाया पडतेय तुमच्या. तेवढं गाऱ्हाणं फिरवून घ्या."

"तुला काय करायचंय त्याचं?"

"गोष्ट आमच्याच घरातून बाहेर गेली. लग्न मोडा म्हटलं, तर बाबा कारण विचारीत मारायला उठले. मग मी सांगून टाकलं. त्यांनी ते समोरच्या पक्षाच्या कानावर घातलं."

सगुणाच्या अंगाचा भडका उडाला. "तू? तूच ती? मग भोग आता! तुझ्या आईलाही रडू दे माझ्यासारखं!"

"माझी आई मी पाळण्यात होते तेव्हाच गेली, काकी. मी माझ्यासाठी नाय आलेय." राहीने पदराने तोंड पुसलं. "पहिलं तोंड माझं नव्हतं. साखरपुडा झाला त्या दिवशी लवूने मला परसात बोलावलं आणि माझा जन्म फुकट जाऊ नये म्हणून स्वतःच सगळं सांगितलं."