गुरुजींचं लाल बटण

"मशीन सगळं करंल ते खरं, पन गुरुजींनी हिरवं दाबल्याशिवाय आमी अपडेट सोडत नाय," काशिराम शेठ म्हणाले.

अनुयाला वाटलं, शेठ गंमत करताहेत. ती हसली. ऑफिसात दुसरं कुणी हसलं नाही.

शेठचं घराणं मूळ मिठागरवालं. मग त्यांच्या कोन गावातल्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, आणि आता नवीन पनवेलात त्यांची अ‍ॅपची कंपनी होती. हाउसिंग सोसायट्यांसाठी अ‍ॅप. गेटवर पाहुणा आला, पाण्याचा टँकर आला की फोनवर कळायचं. शिवाय एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी त्यात एक घंटा होती. फोनवर बोट दाबून धरलं की वॉचमनच्या केबिनमध्ये वाजायची.

त्या घंटेपायीच अनुयाने अंधेरीची नोकरी सोडून ही धरली होती. तिचे बाबा सुकापूरला एकटे राहत आणि त्यांचं हृदय नाजूक. घंटा कधीकधी उशिरा वाजे. त्यावरची दुरुस्ती लिहून तयार असली तरी लोकांच्या फोनवर पोचेपर्यंत महिना उलटायचा, कारण प्रत्येक वेळी सगळं अ‍ॅप हाताने बांधायचं, हाताने तपासायचं, हातानेच पाठवायचं. आता हे सगळं मशीनने आपणहून करायचं होतं. तेवढ्यासाठीच तिला घेतलं होतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध मुहूर्त काढणारे गुरुजी! तिने निमूटपणे त्यांच्या फोनवर दोन बटणं बसवून दिली. हिरवं म्हणजे मुहूर्त चांगला, लाल म्हणजे थांबा.

ऑफिसात सगळ्यात जुन्या पद्मजाताई. त्या दर संकष्टीला गुरुजींकडे जाऊन यायच्या आणि सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवायच्या. त्यांच्या खणात फुटक्या काचांचे जुनेपुराणे फोन भरलेले. भंगारवाल्यासाठी जमवत असतील, अनुयाच्या मनात आलं.

घंटेच्या दुरुस्तीचं पहिलं अपडेट तयार झालं. मशीनने तपासून हिरवा शेरा दिला. गुरुजींनी लाल दाबलं.

दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशीही.

"शेठ, माझ्या बाबांची घंटा मुहूर्त बघून वाजणार आहे का?" अनुया चिडून म्हणाली.

"अगो बाय, रागावू नको. दोन वर्सांपूर्वी घाईत अपडेट सोडलं, तर अख्ख्या पनवेलातली गेटं बंद पडली. गुरुजी आले तवापासून एकदा पन नाय."

चौथ्या दिवशी गुरुजींनी हिरवं दाबलं. अनुयाने सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले. अमावस्या होती. आणि लाल दाबलं त्यातला एक दिवस चक्क गुरुपुष्यामृताचा!

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढून शेठच्या टेबलावर ठेवलं. शेठ बराच वेळ तारखांवर बोट फिरवत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे पंचांग बघतच नाय ते?"

"नाही. मशीनला मी पंचांग शिकवते. अमावस्या, राहुकाळ, सगळं. ते चुकणार नाही. मधे माणूसच नको."

"कर मंग. पन थांबवायचं बटण माज्याच फोनात ठेव. आता कुनावर भरोसा नाय."

पद्मजाताई शेजारीच उभ्या होत्या. "जुन्या फोनवर कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"ताई, मशीन बघतं ना."

"बरं," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

नवी व्यवस्था छान चालली. दोन अपडेट बिनबोभाट गेली. शेठनी अनुयाला कायम केलं, पेढे वाटले. पुढच्या अपडेटमध्ये घंटा आणखी जलद होणार होती. सोमवारी संध्याकाळी सहाला, पंचांगानुसार उत्तम वेळेला, ते आपोआप सगळ्या सोसायट्यांमध्ये जाणार होतं.

रविवारी ती सुकापूरला गेली. बाबांना कौतुकाने दाखवावं म्हणून तिने नवं अ‍ॅप आधीच त्यांच्या फोनवर घातलं. फोन जुना, कडेला चिकटपट्टी लावलेला. बाबांनी बोट दाबून धरलं. ती धावत खाली गेली. वॉचमन निवांत चहा पीत होता. घंटा वाजलीच नव्हती. तिने खालूनच हाक मारली, बाबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. मशीन ज्या फोनांवर तपासत होतं ते सगळे नवे कोरे होते. म्हाताऱ्यांकडे नवा फोन असतो कुठे?

सोमवारी सकाळी ती थेट शेठच्या केबिनमध्ये शिरली.

"शेठ, आजचं थांबवा. जुन्या फोनवर घंटा वाजत नाहीये."

"मशीन काय बोलते?"

"हिरवं आहे. पण ते—"

"आनी मुहूर्त?"

"चांगला आहे. पण शेठ, मी स्वतः बघितलंय! दोन दिवस द्या मला."

शेठ हसले. "अगो, तूच सांगितलंस ना, मशीन चुकत नाय? तू पन पद्मजाबाईसारखी घाबरट झालीस. मी समद्या सोसायट्यांना आजचा शब्द दिलाय. जा, काम कर."

अनुया बाहेर आली. थांबवायचं बटण शेठच्या खिशात होतं. तिने स्वतःच ते तिथे ठेवलं होतं. ती पद्मजाताईंच्या टेबलाशी गेली.

"ताई, तुम्ही गुरुजींना फोन लावा. मुहूर्त वाईट आहे म्हणावं. शेठ त्यांचं तरी ऐकतील."

"आता नाही ऐकणार. ते पंचांग बघत नाहीत, हे तूच दाखवून दिलंस ना."

"मग इतके दिवस ते काय बघून लाल दाबत होते?"

पद्मजाताईंनी खण उघडला. आतल्या फुटक्या फोनांपैकी एक उचलला, पुसला आणि परत ठेवला.

"काही बघत नव्हते गं. 'अजून तयार नाही' हे शेठनी माझ्या तोंडून कधी ऐकूनच घेतलं नाही, म्हणून मी ते गुरुजींना फोन करून सांगायचे."