बनूबाईंचा टाक

बनूबाईंनी देवघरातून टाक काढला, पदराने पुसला आणि महेशच्या हातावर ठेवला.

"आधी नीट बघा, भाऊजी. तुम्हाला जुन्या नाण्यांतलं समजतं. आजेसासऱ्यांच्याही आधीपासनं पूजेत हाये ह्यो."

महेश खिशातलं भिंग काढून दारातल्या उजेडात गेला. जांभूळ गावातलं हे घर त्याला परकं नव्हतं. बनूबाईंचा नवरा रघु आणि तो अंबरनाथच्या एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं होते. गावच्या कीर्तनात दोघं शेजारी शेजारी टाळ घेऊन उभे राहायचे. रघु जाऊन महिना झाला होता.

कुंकवाचा थर त्याने नखाने हलकेच सरकवला. दाढीवाला चेहरा, उजवीकडे बघणारा. भोवती रोमन अक्षरं. 'अंतोनिनस' एवढं लागलं. मागे उभी बाई, हातात कणसं. चेहऱ्याच्या वर बारीक भोक. कधीकाळी कुणी गळ्यात घातलं असणार. रोमचा बादशहा. अस्सल सोन्याचं नाणं, अठराशे वर्षांपूर्वीचं.

"खंडोबाच ना? नि मागं म्हाळसा?"

"हो हो, खंडोबाच." महेशने नाणं पुन्हा उजेडात फिरवलं.

अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या दोन खोल्यांत रोमन तांबं होतं, चांदीचीही तीन नाणी होती. सोनं नव्हतं. तीस वर्षं तो पुस्तकातल्या चित्रांवरूनच बोट फिरवत आला होता.

पण मागायचं कसं? घरातला देव कुणी देतं का? आणि खरं सांगितलं तर वहिनींचे लेक-जावई उद्याच सोनाराकडे नेऊन आटवतील. ते पाप होऊ देण्यापेक्षा... त्याने मन घट्ट केलं.

"वहिनी, सोनं नाही हं हे. पितळ आहे, वर नुसता मुलामा. आणि हे भोक बघा. टाक भंगलाय."

बनूबाईंचा चेहरा उतरला. "अवो, भोक तर पहिल्यापासनंच हाये."

"म्हणून काय झालं? भंगलेला देव पुजू नये, बुवा कीर्तनात सांगतात की नाही?"

"सांगतात खरं." त्यांनी टाक परत घेतला, कपाळाला लावला. "म्हनूनच का हो हे असे मधेच गेले?"

महेशने भिंग खिशात घातलं. "तसं मनात आणू नका. चांदीचा नवा खंडोबा मी आणतो. रघूसाठी एवढं तरी करू द्या."

जुन्याचा विषय त्याने मुद्दाम काढला नाही. घाई दिसायला नको. नवा बसला की जुना आपसूक मिळेल.

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये सिंधी दुकानदाराने दोन टाक पुढे सरकवले. "साईं, घोडेवाला दूँ या बिना घोडे का?"

महेशने घोडेवाला घेतला. मग शेजारच्या दुकानातून मखमलीची एक छोटी डबीही घेतली. घरी येऊन सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहिली, 'अंतोनिनस, सोने', आणि डबीत ठेवली.

रविवारी सकाळी बनूबाईंनी नवा टाक देवघरात बसवला, भंडारा वाहिला. त्यांचे डोळे भरून आले. "सख्खा भाऊ करनार नाय एवढं केलंत."

"त्यात काय, वहिनी! बरं, तो जुना द्या इकडे. त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"तुम्हाला कशाला तरास? मंगळवारीच नदीत सोडला की. पुतन्यानं होडीतनं नेलं मला, बंधाऱ्याच्या वर, पार मधल्या डोहात."

"डोहात? सोडला?" महेशचा हात खिशातल्या मखमली डबीवर गेला.

"मला पन लई वाईट वाटलं, भाऊजी," बनूबाई म्हणाल्या. "हे जाताना सांगून गेलेले, महेशला जुन्याची आवड, माझ्यामागं टाक त्याला दे. त्या दिवशी द्यायलाच काढलेला मी. पन भंगलेला देव आपल्या मानसाच्या हातात कसा द्यायचा?"