तीन ठिपके

मोटरसायकलला नवा ऑइल पंप बसवण्याआधी महिपती त्यावर खिळा धरून हातोडीने टक्, टक्, टक् असे तीन ठिपके ठोकायचा. उद्या कुणी पार्ट बदलल्याचा आळ घ्यायला नको. आज त्याने सीलबंद डबा फोडला, तर कोऱ्या पंपावर त्याचेच तीन ठिपके.

धायरीच्या आपल्या गॅरेजमधून तो तडक पार्ट्सच्या दुकानात आला आणि पंप काउंटरवर आपटला. "मी लावलेला माल धुऊन मलाच विकता?"

दुकानदाराने मानही वर केली नाही. "कंपनीचं खोकं आत्ताच आलंय. आपणच फोडा, आमचे कष्ट वाचतील."

महिपतीने खोकं टराटरा फाडलं. पहिल्या डब्यात तीन ठिपके. दुसऱ्यातही तीन. दात-ओठ खात त्याने पुढचा डबा उचलला.

बंद डब्याच्या आत टक् झालं.

मग पुन्हा टक्.

डबा हातात धरून महिपती पुढच्या ठोक्याची वाट बघू लागला.