नावात दुरुस्ती

आदिनाथचा फोन त्या सकाळी तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्याने काही विचारायच्या आधीच वैजयंतीने सांगून टाकलं, "दादा, बोलावलंय मी त्यांना. येतीलच."

चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांच्या एका दवाखान्यात ती नोंदणीच्या खिडकीत बसायची. आदिनाथला तिने कधी पाहिलं नव्हतं. सांगोल्याकडचा हा माणूस आठ दिवस एकच गोष्ट विचारत होता, माझी बहीण वच्छला कुठं आहे? चार महिने तिचा आवाज नाही. फोन बंद, कुंभारीच्या खोलीला कुलूप. मेहुणा म्हणतो, तिलाच तुमच्याशी बोलायचं नाही. बाळंतपणाच्या वेळी वच्छलाने दवाखान्याच्या कार्डावर भावाचा नंबर घातला होता. त्या कार्डाच्या आधाराने तो या खिडकीपर्यंत पोचला होता.

"मी पोलीस चौकीच्या दारात उभा हाय," तो म्हणाला. "आत जाऊ का नको, तेवढं सांगा. तिचा संसार धड चालला असंल, तर उगं दाजीची अब्रू जायला नको."

"अर्धा तास थांबा."

भावाचं नाव न काढता तिने आदल्या दिवशी मेहुण्याला, अभिमन्यूला, फोन लावला होता. कार्डाची मुदत संपतेय, घरच्या सगळ्यांना घेऊन या, नाहीतर बंद पडेल. आणि खरंच, अकराच्या सुमारास अभिमन्यू आला. कडेवर तीन वर्षांची पोर, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई.

वैजयंतीच्या छातीवरचा दगड उतरला. घरी तिचं आठ महिन्यांचं बाळ शेजारणीपाशी होतं, आणि गेले आठ दिवस बाळाला पाजतानाही तिला ती न पाहिलेली वच्छला आठवत होती.

"एक काम हाय, मॅडम," अभिमन्यू म्हणाला. "हिचं नाव बदलायचंय. वच्छला माहेरचं. आमी लग्नात उत्कर्षा ठिवलं. कार्डावर तेवढं जुनंच ऱ्हायलंय."

त्याने आधार कार्ड पुढे केलं. उत्कर्षा अभिमन्यू, फोटो समोरच्या बाईचाच.

वैजयंतीला हसू आलं. तिचंही नाव सासरी बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. शाळेचा दाखला एकीचा, आधार दुसरीचं, आणि दोघी एकच हे पटवता पटवता बाळाचा जन्मदाखला तीन महिने अडकला होता. या बाईला तरी तो ताप नको.

तिने नोंद उघडली. कार्डावरून कुणाचं नाव कमी करायचं तर कारण लागतं, दाखला लागतो, आणि कार्डावरच्या दुसऱ्या, म्हणजे भावाच्या, नंबरवर आपोआप संदेश जातो. नावात दुरुस्ती मात्र सोपी. एका रकान्यात बदललं की त्याला जोडलेलं सगळं बदलतं. बाळंतपणाचा कागद, पोरीचं लसीकरण, तिच्या आईचं नाव.

पडद्यावरचा जुना फोटो पुसट होता. चेहरा भरलेला, कपाळ मोठं. समोरची बाई सडपातळ, कोवळी. बाळंतपणानंतर आपण तरी कुठं फोटोतल्यासारख्या राहिलो, असं वैजयंतीला वाटलं.

शेवटची लस कधी दिली, ते बाईला सांगता आलं नाही. अभिमन्यूने सांगितलं. पोर आईकडे जाईना. आजीपाशी वाढलीय, तो म्हणाला.

"दुसरा नंबर बी बदला. माझ्या भावाचा घाला."

इथे वैजयंती थांबली. थेट बाईकडे पाहून तिने विचारलं, सांगोल्याच्या भावाशी बोलायचंय का, आत्ता लावून देते. बाईने गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"वाटणीवरनं मोडलंय त्यांचं," अभिमन्यू म्हणाला. "कशाला खपली काढता?"

वैजयंतीने मग ताणलं नाही. नांदत्या घरात आपण नाक खुपसायचं नाही. तिने नाव बदललं, नंबर बदलला आणि बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. सगळ्या संबंधित नोंदी अद्ययावत झाल्या.

मोटरसायकल काढतो म्हणून अभिमन्यू पोरीला घेऊन बाहेर गेला. वैजयंतीने लगेच आदिनाथला फोन लावला आणि खिडकीकडे पाठ करून हळू आवाजात सांगितलं, तुमची बहीण माझ्यासमोर उभी आहे, चांगली आहे. तक्रार देऊ नका. राग गेला की तीच फोन करेल.



"लई उपकार झालं, ताई," तो म्हणाला. "जातो मग घरी. आईला सांगतो."

तिने फोन ठेवला. बाई नव्या कार्डासाठी खिडकीशीच थांबली होती. पदर सरकला होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा नवाकोरा टाक, त्यावर बाईचा मुखवटा. अशी श्रद्धा वैजयंतीला आवडायची.

"छान आहे," कार्ड देत ती म्हणाली. "कुठली देवी?"

बाईने टाक मुठीत धरला, दाराकडे एकदा पाहिलं.

"देवी न्हाय, ताई. थोरलीचा टाक हाय, वच्छलाक्काचा. चार म्हैनं झालं की तिला जाऊन. दुसरेपणावर दिलेलीला घालावाच लागतो."