पुढचा चरण

लाईट गेली तरी केरूबुवा गातच होते. पंखा थांबला, खिडकीतला उजेड तेवढा उरला, आणि बुवांचा आवाज तसाच खोलीभर. बुवांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची जुनी कीर्तनं गात होता तो कॉम्प्युटर, टेबलाखालच्या बॅटरीच्या डब्यावर. डबा आता टीं टीं करू लागला.

"अहो, तुमचा डबा रडायला लागला," सून दिशा म्हणाली. तिच्या हातात सासूबाईंची पेज होती.

"रडू दे गो. बॅटरी संपत आली की कॉम्प्युटर सगळं जागच्या जागी ठेवतो नि आपला आपण बंद होतो. बाबांचं एक अक्षर जायचं नाही." बुवांच्या मुलाने, रितेशने, ही सोय मुद्दाम करून घेतली होती. केळशी गावात वीज कधी दगा देईल सांगता येत नाही. मागे एकदा तशीच गेली आणि बुवांचं एक अख्खं आख्यान नासलं.

खाटेवर रितेशची आई, तुळसाबाई पडून होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही. "ओळखीचा आवाज कानावर पडू द्या," डॉक्टर म्हणाले होते. पण म्हणताना त्यांनी रितेशकडे पाहिलं नव्हतं.

तुळसाबाईंनी जन्मभर बुवांच्या मागे उभं राहून झील धरली होती. बुवा चरण संपवून दम घेत, बाई मागून ध्रुपदाची ओळ उचलत, की बुवा पुढच्या चरणाला मोकळे. रितेशने मुंबईत बसून ती सगळी कीर्तनं साफ केली. ऐकून नव्हे, पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघून. खोकला काढला, पेटीची रेंगाळ काढली, मधली झील काढली. बाबा तेवढे ठेवले, सलग. तेच सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आईच्या उशाशी चालू. आई छताकडे बघत पडलेली.

डबा शेवटचा ओरडला. बुवा चरणाच्या टोकाला आले आणि थांबले. पडदा काळा झाला.

कीर्तनातली शांतता रिकामी नसते. ती मागच्यांची असते.

"हाक देतो देवराया, ओ दे रे आता…"

सूर चिरका होता, पण जागेवर होता. दिशाच्या हातातली पेज सांडली.

"आई! अहो, आई गातायत! मग इतके दिवस का गप्प होत्या?"

रितेशने काळ्या पडद्याकडे पाहिलं. बुवा गात असताना झीलवाली तोंड उघडत नाही. आणि त्याने तर बाबांना कुठे दमच घेऊ दिला नव्हता.

ध्रुपद संपलं. तुळसाबाईंनी मान वळवून रितेशकडे पाहिलं. धड हाताची बोटं खाटेच्या कडेवर ताल धरून होती. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं.

"अहो, त्या थांबल्यात तुमच्यासाठी. घ्या ना पुढचा चरण!"

रितेशने तोंड उघडलं. ओठ हलले.

खाटेवरची बोटं मंदावली. मग थांबली. तुळसाबाईंची नजर पुन्हा छताला लागली.

बुवांची सगळी कीर्तनं यंत्रात सुखरूप होती. मुलाला एकही चरण पाठ नव्हता.