मुराळ्याची गाडी

संभाजीरावांनी फियाटच्या बॉनेटवर तिसऱ्यांदा पॉलिश ओतलं, तेव्हा गोकुळने हातातलं फडकं खाली टाकलं.

"तात्या, बास करा आता. रंग निघल."

"निघू दे. परत मारू."

"आन् पंचमी? ती थांबणार हाय व्हय तुमच्यासाठी?"

पंचमी परवावर आली होती. उद्या सकाळी संभाजीरावांना लोणी देवकरला जायचं होतं, लेकीला सणाला माहेरी आणायला. मुराळी म्हणून जाईल असं घरात दुसरं कुणी नव्हतं. योगिनीला भाऊ नाही, आई ती शाळेत असतानाच गेलेली. उरला बाप, आणि बापाचा हट्ट.

गोकुळचं नरसिंहपूरच्या रस्त्याला गॅरेज होतं. गेले वीस दिवस तो रोज दुपारी येत होता. फियाट गोठ्याशेजारच्या छपराखाली इतकी वर्षं पडून होती की डिकीत कोंबडी अंडी घालायची आणि मागच्या सीटचा काथ्या उंदरांनी पळवला होता. दोघांनी मिळून पोचे ठोकून काढले, गंज खरवडला, पॉलिश पेपरने पत्रा घासला, वर पांढरा रंग मारला. सीटवर नवं रेक्झिन चढलं. बंपर संभाजीरावांनी स्वतः चिंच आणि राख लावून घासले, देवाची भांडी घासावीत तसे. इंजिनाला मात्र गोकुळने त्यांना हात लावू दिला नाही, तेच बरं झालं.

"तात्या, परत एकदा इचारू?" गोकुळ म्हणाला. "हितनं लोणी देवकर तासाभराची वाट. एस्टीनं का न्हाय गेला कधी?"

"एस्टीनं?" संभाजीराव उखडलेच. "पोरीनं रजिस्टर लगीन केलं. ना मांडव, ना पाठवणी. माझ्या दारातनं गाडीत बसून गेली न्हाय ती. आता पयल्यांदा माहेराला आणायची, ती काय धक्के खात? तितं सगळी कंपनीतली माणसं ऱ्हात्यात. बघू दे की त्यास्नी, बाप कसा न्यायला आलाय ते."

हे उत्तर गोकुळला पाठ झालं होतं. लग्नानंतर दोन वर्षं संभाजीराव लेकीशी बोलले नाहीत. मग तिचाच फोन आला, मुलगी झाल्याचा. तेव्हा गहिवरून म्हणाले, "गाडी नीट झाली की न्यायला येतो, बाई." त्या वर्षी गिअरबॉक्स अडला. पुढच्या वर्षी पार्ट मिळेना. मग गुडघे धरले. दर श्रावणात योगिनी फोन करायची. "तात्या, कधी येताय? स्वरूपा सकाळपासनं रस्त्याला उभी हाय." आणि दर श्रावणात संभाजीराव सांगायचे, यंदा जमत नाही, पुढल्या साली नक्की.

तीन वर्षांपूर्वी तिचा फोन यायचा थांबला. त्यांना वाटलं, रुसली. आणि रुसलेली लेक झळझळीत गाडी बघून हसेल, म्हणून ते स्वतः फोन न करता आणखी नेटाने गाडीच्या मागे लागले. एरवी साऱ्या गावाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस. पण लेकीच्या बाबतीत खुळा झाला तो झालाच.

गोकुळने किल्ली फिरवली. दोनदा घरघरून इंजिन लागलं. संभाजीराव गाडीला एक फेरी मारून आले. आरशासारखा चमकणारा तो पत्रा पाहून त्यांचे डोळे भरले, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"लाव तिला फोन," ते म्हणाले.

त्यांचे हात पॉलिशने माखलेले. गोकुळने आपल्याच मोबाइलवरून नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हॅलो?" लहान मुलीचा आवाज आला.

"स्वरूपा का गं तू?" संभाजीरावांचा आवाज एकदम बारीक झाला.

"व्हय. आई कामाला गेलीय. फोन घरीच ठेवून जाती ती. कोण बोलतंय?"

"आईला सांग, तयार ऱ्हा म्हणावं. उद्या सकाळी पंचमीला न्यायला येतोय. गाडी घेऊन."

"कुठनं?"

"तिच्या माहेरनं."

"मग चुकून लागला तुमचा फोन. आईला माहेरी कुणी न्हाय."

"आसं कसं?" संभाजीराव हसायला गेले. "बाप हाय की तिचा. तुझा आजा."

पलीकडून पोरगी न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगावं तशी सावकाश म्हणाली, "आजोबा वारले. मी बालवाडीत होते तवा."

गोकुळने फोन बंद करायला अंगठा उचलला. संभाजीरावांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"कोण म्हणलं तसं?"

"आईच म्हणली. त्या पंचमीला मी सारखी इचारत होते, आजोबा का येत न्हाईत, का येत न्हाईत. मग तिनं सांगितलं. लई रडली."

"आन् काय म्हणली?"

"म्हणली, आजोबा असते तर गाडी घेऊन आलेच असते."